आरसी मॉन्स्टर ट्रकचं चाक फ्री फिरतंय? हेक्स बदलण्याआधी नट तपासा

तुम्ही ट्रिगर दाबता. मोटरचा आवाज येतो, ईएससीचा लाइट नीट आहे, बॅटरी फुल चार्ज आहे. पण गाडी जागची हलत नाही. किंवा थोडी पुढे जाते, 'कट कट कट' असा आवाज करते आणि थांबते. रिमोट कंट्रोल मॉन्स्टर ट्रक घेतलेल्या जवळपास प्रत्येकावर ही वेळ येते. पहिला विचार असतो, "मोटर गेली!" दुसरा, "गिअरबॉक्स गेला!" आणि बऱ्याचदा गेलेला असतो तो चाकामागचा एक छोटासा षटकोनी तुकडा. त्याला व्हील हेक्स म्हणतात.

माझ्या भाच्याच्या गाडीत हेच झालं. आणि ते दुरुस्त करताना मी, म्हणजे मेकॅनिकलची डिग्री घेऊन सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या मामानं, ते आणखी बिघडवून ठेवलं. त्यातून जे शिकलो ते आज सांगतो. तुमचे पैसे वाचतील.

आधी काय झालं ते सांगतो

भाचा नववीत आहे. दोन दिवाळ्या आणि वाढदिवसाचे मिळालेले पैसे साठवून त्यानं १/१० स्केलची, मागच्या चाकांवर चालणारी मॉन्स्टर ट्रक घेतली. आम्ही कोल्हापूरचे. रविवारी सकाळी तपोवन मैदानावर गाडी पळवायची, मातीच्या ढिगावरून उडवायची, आणि घरी येऊन व्हिडिओ बघायचे, असा कार्यक्रम ठरलेला.

तिसऱ्या आठवड्यात मागचं उजवं चाक फ्री फिरायला लागलं. मी तेव्हा पुण्यात होतो. फोनवरच निदान केलं. "प्लास्टिकचा हेक्स आहे ना, तो गोल झाला असणार. ॲल्युमिनियमचे टाक, आयुष्यभर बघायला नको." साडेतीनशे रुपयांचा चार हेक्सचा सेट आला. गाडी एक दिवस चालली. दुसऱ्या रविवारी चाक परत फ्री. या वेळी हेक्स एकदम ठणठणीत, पण रिमच्या आतला षटकोनी खड्डा गोल झालेला. नवीन रिम मागवली. तीही पंधरा दिवसांत गेली. मग डावी गेली.

शेवटी भाचा म्हणाला, "मामा, ही गाडी विकूया. अशीच बंद पडणार असंल तर काय उपयोग?" ताई तर आधीपासूनच म्हणत होती की पैसे पाण्यात गेले. मला वाईट वाटलं ते पैशांपेक्षा या गोष्टीचं, की पोरगं माझ्या सल्ल्यावर विश्वास ठेवून खर्च करत होतं आणि माझा सल्ला अंदाजपंचे होता.

मग मी कोल्हापूरला आलो तेव्हा गाडी घेऊन आम्ही उद्यमनगरात काकांच्या लेथवर गेलो. तिथं दहा मिनिटांत जे कळलं, ते मला महिनाभर कळलं नव्हतं. ते काय, हे समजायला आधी चाक कसं बसवलेलं असतं ते बघू.

चाकापर्यंत ताकद पोहोचते कशी?

आपल्या मोटारीचं चाक चार किंवा पाच बोल्टवर बसतं. आरसी गाडीत मात्र मधोमध एकच नट असतो. मग ताकद कशी जाते? क्रम असा आहे:

१. मोटर आणि गिअर एक्सल फिरवतात.
२. एक्सलच्या आरपार एक बारीक स्टीलची पिन घातलेली असते. १२ मिमी हेक्सच्या गाड्यांमध्ये ती बहुतेक वेळा २ मिमी जाड आणि साधारण १० मिमी लांब असते.
३. हेक्सच्या मागच्या बाजूला एक खाच असते. पिन त्या खाचेत बसते आणि हेक्सला फिरवते.
४. हेक्स रिमच्या षटकोनी खड्ड्यात बसतो आणि रिमला फिरवतो.
५. बाहेरून नट रिमला हेक्सवर दाबून धरतो.

पाचवा मुद्दा नीट वाचा, कारण सगळे तिथंच चुकतात. नटाचं काम फक्त 'चाक पडू नये' एवढंच आहे असं वाटतं. तसं नाही. नट घट्ट असतो तेव्हा रिम आणि हेक्स एकमेकांवर जोरात दाबले जातात आणि त्या घर्षणातूनच बराचसा भार पलीकडे जातो. षटकोनाचे कोपरे राहिलेला भार घेतात. नट ढिला झाला की घर्षण संपलं, आणि सगळा भार कोपऱ्यांवर आला. तोही एकसारखा नाही, ठोके मारत.

हेक्सचे साइज किती? १२ मिमी हा १/१० स्केलमध्ये सगळ्यात कॉमन. ट्रॅक्सासची स्टॅम्पीड १२ मिमीवर चालते. १/८ स्केलच्या जड गाड्यांना, उदाहरणार्थ आर्माच्या क्रेटन ६एसला, १७ मिमीचा हेक्स असतो. ट्रॅक्सास एक्स-मॅक्ससारख्या अवाढव्य गाडीला २४ मिमीचा. हे माप षटकोनाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर असतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं नाही. ऑनलाइन घेताना बरेच जण इथं गोंधळतात.

थोडं गणित करू, घाबरू नका

मॉन्स्टर ट्रकमध्येच हा त्रास जास्त का होतो? कारण टायर मोठा. समजा गाडी २ किलोची आहे आणि टायरचा व्यास ११० मिमी, म्हणजे त्रिज्या ५५ मिमी. उडी मारून गाडी एका चाकावर उतरली आणि क्षणभर सगळं वजन त्याच चाकावर आलं असं धरा. २ किलो म्हणजे सुमारे २० न्यूटन. टायरची पकड चांगली असेल तर साधारण तेवढाच जोर जमीन टायरला मागे ढकलायला लावते. २० न्यूटन गुणिले ०.०५५ मीटर, म्हणजे १.१ न्यूटन मीटर टॉर्क.

आता हाच टॉर्क मध्यभागी बघा. पिनच्या दोन टोकांवर जिथं हेक्सची खाच टेकते, त्या दोन जागांमधलं अंतर जेमतेम ७.५ मिमी. म्हणजे प्रत्येक टोकावर सुमारे १४७ न्यूटन, जवळपास १५ किलोचा भार. २ मिमीच्या पिनवर!

षटकोनाचं बघू. १२ मिमी हेक्सची एक बाजू ६.९ मिमी लांब असते. सहाही कोपरे नीट टेकलेले असतील तर प्रत्येकावर ५३ न्यूटन, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास येतात. पण नट ढिला असेल, चाक वाकडं डुलत असेल आणि फक्त दोनच कोपरे टेकत असतील, तर तोच भार तिप्पट होतो. प्रत्येकी सोळा किलो. आणि हे सगळं गाडी शांतपणे उतरली असं धरून. चाक हवेत फुल स्पीडनं फिरत असताना जमिनीवर आपटलं तर ठोका याच्या कितीतरी पट मोठा असतो.

अजून एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. १२ मिमी हेक्सचं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर १३.८६ मिमी असतं. म्हणजे रिमचा खड्डा झिजून जवळपास १३.९ मिमीचा झाला, की हेक्स आत पंख्यासारखा गोल फिरणार. प्रत्येक बाजूला एक मिमीसुद्धा झीज लागत नाही. म्हणून सुरुवातीची थोडीशी खडखड 'चालतंय की' म्हणून सोडू नका.

नक्की काय गेलंय? मार्करच्या रेषेनं ओळखा

हे सगळ्यात उपयोगी. घरात असलेला मार्कर आणि मोबाइल, एवढंच लागतं.

आधी एक गोष्ट: बॅटरी काढल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही. ट्रिगर चुकून दाबला गेला तर बोट अडकतं.

बॅटरी काढा. एक्सलचं बाहेर आलेलं टोक, नट आणि रिम, या तिन्हींवरून जाणारी एक सरळ रेषा मार्करनं मारा. मग बॅटरी लावून गाडी मैदानात एक-दोन मिनिटं चालवा. परत बॅटरी काढा आणि रेषा बघा.

एक्सल आणि नटावरची रेषा जुळते, पण रिमवरची सरकली आहे: रिम घसरतेय. हेक्स, पिन किंवा रिमचा खड्डा, यापैकी काहीतरी गेलंय.

एक्सलवरची आणि नटावरची रेषाच जुळत नाही: नट सुटतोय. बाकी काही अजून खराब झालं नसेल, तर तुम्ही नशीबवान. आत्ताच पकडलंत.

तिन्ही रेषा जुळतात, पण तरी गाडी हलत नाही: दोष चाकात नाही. पिनियनचा ग्रब स्क्रू, स्पर गिअर, स्लिपर क्लच किंवा ड्राइव्ह शाफ्ट, अशा क्रमानं आत जा.

मोबाइलमध्ये स्लो मोशन असेल तर गाडीची मागची बाजू ठोकळ्यावर ठेवून, चाकं हवेत, अगदी हळू ट्रिगर देऊन व्हिडिओ काढा. फुल थ्रॉटल अजिबात द्यायचा नाही, हवेत टायर फुगतो आणि रिमवरून सुटू शकतो. चाकाला टेकवून लाकडाची पट्टी हलकेच धरली तर रेषा सरकताना स्पष्ट दिसते. पट्टी धरणारा एक आणि ट्रिगरवाला दुसरा, आणि तोंड चाकाच्या सरळ रेषेत नको.

बॅटरी न लावता करायची टेस्ट पण आहे. एका हातानं डावं चाक घट्ट धरा आणि उजवं चाक फिरवा. चांगल्या गाडीत गिअर आणि मोटर फिरल्याचा जडपणा हाताला लागतो. चाक सहज फिरतंय आणि एक्सलचं टोक स्थिर आहे, तर चोर तिथंच आहे.

एक चाक गेलं तर दुसरं गाडी का ओढत नाही, असं भाच्यानं विचारलं होतं. चांगला प्रश्न आहे. मध्ये डिफरन्शियल असतं. वळणावर दोन्ही चाकांना वेगळ्या वेगानं फिरता यावं म्हणून ते असतं. साधं डिफरन्शियल जिकडे अडथळा कमी तिकडे फिरतं. एका बाजूचा हेक्स फ्री झाला की त्या बाजूचा एक्सल मोकळा गरागरा फिरतो आणि चांगलं चाक उभं राहतं. म्हणून एक तुकडा गेला तरी अख्खी गाडी बंद पडल्यासारखी वाटते, आणि लोक उगाच गिअरबॉक्स उघडत बसतात.

चाक काढल्यावर काय बघायचं?

एम४ नटाला ७ मिमीचा बॉक्स पाना लागतो. पक्कड वापरू नका, नटाच्या कडा जातात. चाक काढताना खाली पांढरं कापड किंवा ताट ठेवा. पिन टपकन पडते आणि अंगणातल्या मातीत ती परत सापडत नाही, हा अनुभव आहे.

आता चार गोष्टी बघा.

पिन: आहे का? सरळ आहे का? मध्ये खाच पडली आहे का? पिन एक्सलमध्ये दोन्ही बाजूंना सारखी बाहेर आलेली हवी.

हेक्सची खाच: हेक्स एक्सलवर बसवून हलवा. पिनभोवती तो डुलत असेल तर खाच रुंद झाली आहे. प्लास्टिकच्या हेक्समध्ये आधी बहुतेक हेच होतं, कारण भार सगळ्यात जास्त इथं असतो.

हेक्सच्या बाजू: व्हर्नियरनं तिन्ही जोड्या मोजा. १२ च्या जवळ हव्यात. मोबाइलवरच्या मोजमापाच्या ॲपनं हे होत नाही, इथं मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा प्रश्न असतो.

रिमचा खड्डा: हेक्स त्यात घालून फिरवा. आमच्या रिममध्ये खड्डा १२.६ मिमी झाला होता आणि हेक्स ११.९. तेवढ्यानं रिम साधारण १३ अंश मोकळी फिरत होती. घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत जेवढा सरकतो, जवळपास तेवढी. दर वेळी ट्रिगर दाबला की हेक्स एवढं अंतर मोकळा धावायचा आणि मग कोपऱ्यावर आदळायचा. हातोडीच म्हणा ना.

काकांनी काय पकडलं

परत उद्यमनगरात येऊ. मी काकांना मोठ्या उत्साहानं सांगत होतो की रिमचं प्लास्टिक बोगस आहे, तुम्ही १२.६ चा हेक्स बनवून द्या, म्हणजे झिजलेल्या रिममध्ये फिट बसेल. काकांनी माझं ऐकून घेतलं, गाडी हातात घेतली, आणि चाकाचा नट बोटानं फिरवला. पान्याशिवाय. तो फिरला.

"आरं, रिमचं नंतर बघू. नट बोटानं फिरतोय, हे तुला दिसंना व्हय?"

चाकाला जो नट असतो तो नायलॉक नट. त्याच्या बाहेरच्या टोकाला आत नायलॉनची रिंग असते. एक्सलचे आटे त्या रिंगमध्ये घुसतात, नायलॉन त्यांना आवळून धरतं, म्हणून थरथरीनं नट सुटत नाही. पण त्यासाठी आटे त्या रिंगपर्यंत पोहोचले तर पाहिजेत! काकांनी बोट ठेवून दाखवलं. आमच्या एक्सलचं टोक नटाच्या बाहेर आलेलंच नव्हतं. आत अर्धा मिमी बुडालेलं होतं.

का? काकांनी जुना प्लास्टिकचा हेक्स मागितला. नशिबानं भाच्यानं तो डबीत जपून ठेवला होता. त्याची जाडी ५ मिमी. मी सुचवलेला ॲल्युमिनियमचा हेक्स ६.५ मिमी जाड. दीड मिमीचा फरक. हेक्स जाड झाल्यामुळे रिम तेवढी बाहेर सरकली, आणि नटाला आटेच कमी पडले. एम४ च्या आट्यांमधलं अंतर ०.७ मिमी असतं, म्हणजे दोन आटे गेले. ते नेमके नायलॉनमधले दोन. मी मागवताना '१२ मिमी' बघितलं होतं, जाडी बघितलीच नव्हती.

म्हणजे साखळी अशी होती: हेक्स जाड, म्हणून नट अर्धवट, म्हणून तो दर रविवारी सुटायचा, म्हणून चाक डुलायचं, म्हणून रिम गोल. आणि आम्ही दर वेळी शेवटचा तुकडा, म्हणजे रिम, बदलत होतो.

मग पहिला प्लास्टिकचा हेक्स तरी का गेला? तेही निघालं. भाचा दर रविवारी चाकं काढून धुवायचा आणि तेच नट परत लावायचा. नायलॉन प्रत्येक वेळी थोडं थोडं ढिलं होतं. चार-पाच वेळा काढ-घाल झाली की तपासायला हवं. टेस्ट एकदम सोपी: चांगला नायलॉक नट सुरुवातीचे आटे बोटानं फिरतो आणि नायलॉन आलं की अडतो, पुढं पाना लागतोच. जो शेवटपर्यंत बोटानं जातो, तो नट मेला. फेकून द्या.

रोज कोड लिहिताना मला हे माहीत असतं. प्रोग्राम ज्या ओळीवर क्रॅश होतो, चूक त्याच ओळीत असते असं नाही. ती बऱ्याचदा खूप आधी झालेली असते. हातात पाना आल्यावर मात्र मी हे विसरलो.

मग दुरुस्ती कशी करायची?

नट: सगळ्यात आधी हेच. चारही नट नवे एम४ नायलॉक घ्या, नट-बोल्टच्या कुठल्याही दुकानात काही रुपयांत मिळतात. बसवल्यावर एक्सलचे एक-दोन आटे नटाच्या बाहेर दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर थांबा, जाडी कुठं वाढली ते शोधा. नायलॉक नटाला थ्रेडलॉकर लावायची गरज नाही, उलट काही प्लास्टिकला त्यानं चिरा पडतात.

किती घट्ट? नट टेकला की त्यापुढं साधारण पाव फेरा. रिमचं प्लास्टिक दबायला लागलं तर जास्त झालं. घट्ट केल्यावर चाक जड फिरत असेल, तर बेअरिंग किंवा त्याच्या मागचा वॉशर नीट बसलेला नाही. नवीन रिम किंवा हेक्स टाकल्यावर पहिल्या पाच मिनिटांनी थांबून परत पाना लावा. दाबाखाली प्लास्टिक हळूहळू बसतं आणि नट आपोआप थोडा सैल पडतो.

पिन: हरवली असेल तर खिळा कापून घालू नका, तो मऊ असतो आणि लगेच वाकतो. २ मिमीच्या जुन्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा योग्य लांबीला कापून तात्पुरता चालतो. कापताना डोळ्याला चष्मा हवा, आणि हे काम मोठ्यांसोबत करा.

हेक्स: घेताना चार मापं बघा. बाजूंमधलं अंतर, जाडी, मधलं भोक आणि पिनची खाच. जुना हेक्स मोजून मगच ऑर्डर द्या. विक्रेत्यानं जाडी लिहिली नसेल तर विचारा. शक्यतो मूळ जाडीचाच घ्या. ॲल्युमिनियमचा हेक्स चांगलाच असतो, पण तो कडक आणि रिम मऊ, म्हणून फिटिंग ढिलं असेल तर मार रिम खाते. ज्या हेक्सला बाजूनं छोटा स्क्रू असतो आणि जो एक्सलला आवळून बसतो, तो जास्त बरा. चाक काढलं तरी पिन पडत नाही.

रिम: खड्डा थोडासाच झिजला असेल, तर थंड पेयाच्या ॲल्युमिनियम कॅनची पट्टी कापून हेक्सभोवती गुंडाळता येते. तिची जाडी साधारण ०.१ मिमी. कडा धारदार असतात, बोट सांभाळा. जास्त झिजला असेल तर दोन भागांचं इपॉक्सी खड्ड्यात भरून, हेक्सला ग्रीस लावून त्यात बसवतात आणि पूर्ण वाळल्यावर हेक्स काढून घेतात. नवा खड्डा तयार होतो. पण तो मूळच्या रिमइतका टिकत नाही. काही जण हेक्स रिमला सुपरग्लूनं कायमचा चिकटवतात. गाडी चालते, पण पुढं हेक्स वेगळा काढता येत नाही. मैदानात अडकलात तर हे उपाय, घरी आल्यावर रिम बदला.

थ्रीडी प्रिंट करून हेक्स बनवू का? करून बघायला हरकत नाही, पण पीएलए साधारण ६० अंशांला मऊ व्हायला लागतं. उन्हात ठेवलेल्या गाडीत ते टिकणं अवघड. त्यापेक्षा ११.८, १२.० आणि १२.२ मिमीचे षटकोन प्रिंट करा आणि रिमचे खड्डे तपासायला गेज म्हणून वापरा.

१७ मिमीवर जाऊ का? भार जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतो, हे खरं. पण त्यासाठी वेगळे ॲडॉप्टर आणि वेगळ्या रिम लागतात, आणि मोठ्या रिमबरोबर जड टायर आले तर गिअरवरचा ताण वाढतो. २ किलोच्या गाडीला नीट बसवलेला १२ मिमी पुरतो.

पावसाळ्याचं एक

आपल्याकडं जुलैत गाडी चिखलातूनच जाणार. मजा पण त्यातच आहे. घरी आल्यावर चाकं काढून हेक्स आणि पिन पुसा, पिनला तेलाचा एक थेंब लावा. नाहीतर पिन गंजून एक्सलमध्ये अडकते आणि ठोकून काढावी लागते. वाळलेल्या मातीचे कण हेक्स आणि रिमच्या मध्ये राहिले तर ते पॉलिश पेपरसारखं काम करतात. तेवढं पुसूनच चाक लावा.

शेवटी किती खर्च आला?

ॲल्युमिनियमचे हेक्स आणि रिम मिळून आम्ही दोन हजारांवर घालवले होते. खरी दुरुस्ती झाली ती चार नवे नट आणि ५ मिमी जाडीचे हेक्स यांच्यावर. झिजलेल्या दोन रिम बदलाव्याच लागल्या, त्याला इलाज नव्हता. त्या मी घेऊन दिल्या, चूक माझी होती.

या गोष्टीला चार महिने झाले. भाच्यानं मोबाइलच्या नोट्समध्ये एक लिस्ट केली आहे: मार्करची रेषा, बाहेर दिसणारे आटे, बोटानं नट फिरतो का, पाच मिनिटांनी पाना. प्रत्येक रविवारी गाडी सोडायच्या आधी तो ती बघतो. गाडी विकायचा विषय परत निघाला नाही. मागच्या महिन्यात मैदानावर दुसऱ्या एका पोराची गाडी 'कट कट' करत थांबली. तो पोरगा म्हणत होता, "मोटर गेली वाटतं." आमचे साहेब खिशातून मार्कर काढत म्हणाले, "थांब, आधी नट बघू."